जुन्या होंडा सिटी व्हीटेकचे इंजिन 60 हजारांत पुन्हा बांधता येईल का?

आपल्याकडे 2001 सालची होंडा सिटी 1.5 व्हीटेक आहे, ती निळसर धूर सोडते आणि ऑइल खाते, आणि इंजिन नव्याने बांधण्यासाठी 60 हजार रुपये बाजूला काढले असून त्यांत काटकसर कुठे करावी, असे आपण विचारले आहे. हेच इंजिन मी पुण्यात दोनदा बांधले. दुसऱ्यांदा बांधावे लागले, कारण पहिल्या वेळी काटकसर भलत्या जागी झाली होती.

1493 सीसीमधून 106 अश्वशक्ती देणारे हे इंजिन आहे. 2003 मध्ये आलेल्या नव्या सिटीचे इंजिनही दीड लिटरचेच होते, पण त्याची शक्ती 77 होती. त्यामुळे ही गाडी भंगारात न देता तिच्यावर खर्च करण्याचा आपला विचार मला मनापासून पटतो.

मात्र इंजिन खोलण्याआधी धूर नेमका केव्हा येतो ते पाहावे. बराच वेळ आयडलवर उभी राहिल्यावर किंवा घाट उतरताना पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर धुराचा लोट येत असेल, तर दोष बहुधा व्हॉल्व्ह सीलचा (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या, ऑइल अडवणाऱ्या रबराचा) असतो आणि तो अगदी थोड्या खर्चात जातो. चढावर जोर लावताना सतत धूर येत असेल, तर संशय पिस्टनभोवतीच्या रिंगांवर घ्यावा. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत होणारा दाब) मोजावे, आणि जिथे ते कमी भरेल तिथे प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चांगला वर चढला तर रिंगा किंवा बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ते सिलिंडरचे भोक) झिजले आहेत, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड (ब्लॉकवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) आणि ब्लॉक यांमधल्या गॅस्केटकडे पाहावे.

इंजिन खाली उतरवलेच, तर मोजमाप होईपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नये. मूळ बोअर 75 मिमी आहे. तो वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजल्यावरच फक्त होनिंगवर (बोअर आतून हलके घासून) भागेल की बोअरिंग करून (बोअर कापून मोठा करून) 0.25 मिमी ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतील, हे कळते. बोअरिंग लागलेच तर पिस्टन आधी मिळवावेत आणि ते लेथवाल्याच्या हातात द्यावेत, म्हणजे प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनला जुळवून काढता येतो. हेड सपाट पट्टीवर तपासावे, 0.05 मिमीपेक्षा जास्त वाकलेले असेल तर फेसिंग करून (पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून) घ्यावे. होंडाच्या बेअरिंगच्या कडेला जो रंग असतो तो त्याची जाडी सांगतो, म्हणून दुकानदार ‘एकच साइज येते’ म्हणाला तरी क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि ब्लॉकवरील खुणा पाहून, मग प्लास्टिगेजने (चेपून फट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक दोऱ्याने) फट तपासूनच बेअरिंग बसवावे.

माझी चूक धुण्यात झाली. बोअरिंग होऊन आलेला ब्लॉक कारखान्याने ‘साफ करून दिला आहे’ असे सांगितले, आणि मी त्यावर विश्वास ठेवून, ऑइलच्या वाटा उघडून न पाहता इंजिन जोडले. होनिंगची बारीक कच त्या वाटांमध्ये राहिली होती. हजार किलोमीटरही झाले नाहीत तोच बिग एंड बेअरिंगवर (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या) चरे पडले आणि क्रँक पुन्हा ग्राइंडिंगला गेला. ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने, लांब ब्रशने प्रत्येक वाट घासून धुवावा, पांढरे फडके बोअरवर फिरवून ते पांढरेच राहीपर्यंत धुवावा, आणि लगेच वाळवून ऑइल लावावे, नाहीतर लोखंडी लायनर घटकाभरात गंजतात. या कामाला पैसे लागत नाहीत, फक्त एक अख्खा दिवस जातो.

व्हीटेकचे, म्हणजे वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणाऱ्या होंडाच्या यंत्रणेचे, वेगळे म्हणजे, त्यातील इनटेकचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) ऑइलच्या दाबाने सरकणाऱ्या पिनांनी एकमेकांत अडकतात. त्यामुळे वरच्या आरपीएमला जोर येत नसेल, तर सोलेनॉइडखालची (ऑइलची वाट उघडणाऱ्या विजेवरच्या झडपेखालची) बारीक जाळी गाळाने तुंबली आहे का, हे पाहावे. गॅस्केटसह ती बदलणे स्वस्तात होते.

पैसे वाचवायचे ते खोलणे, धुणे आणि जोडणे स्वतः करून वाचवावेत. अल्टरनेटर, इंजिन माउंटिंगचे ब्रॅकेट यांसारखे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून तपासून घेतले तरी चालतात. पण बेअरिंग, रिंगा, हेड गॅस्केट, ऑइल पंप, वॉटर पंप आणि टायमिंग बेल्ट नवे आणि अस्सलच हवेत. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि केलेला सारा खर्च वाया जातो. टॉर्क रेंच उसना आणला तरी हरकत नाही, पण त्याच्याशिवाय हेडचा एकही बोल्ट आवळू नये. क्रँक शाबूत असेल आणि होनिंगवर भागत असेल तर आपल्या रकमेत काम बसेल, असा माझा अंदाज आहे. बोअरिंग आणि पिस्टन आले तर मजुरी स्वतः वाचवल्याशिवाय बसणार नाही. टर्बो बसवण्याचा विचार या रकमेत करूच नये.

जोडल्यावर पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. कुठे अडला तर जोर न लावता टायमिंग पुन्हा तपासावे. मग प्लग काढून, इंधन आणि इग्निशन तोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून द्यावा. सुरू झाल्यावर फार वेळ आयडलवर ठेवू नये. रस्त्यावर वेग कमीजास्त करत चालवावी, म्हणजे रिंगा नीट बसतात. पहिले ऑइल दोनशे-तीनशे किलोमीटरवर बदलावे, आणि काढलेला फिल्टर कापून त्याच्या घड्या उन्हात उलगडून पाहाव्यात: बारीक राखाडी भुकटी स्वाभाविक आहे, चमकणारे कण दिसले तर गाडी तिथेच थांबवून बेअरिंग उघडावे.