कथाकथन, आपबीती की अनुभवकथन?

प्रश्न असा आला आहे : वाचनालयात दर महिन्याला एक संध्याकाळ ठेवायची आहे. लोकांनी पुढे येऊन स्वतःच्या आयुष्यात घडलेली खरी गोष्ट पाच मिनिटांत, हातात कागद न घेता सांगायची. याला 'कथाकथन' म्हणावं का? 'आपबीती' हा मराठी शब्द आहे का? आणि सांगताना भूतकाळ वापरावा की वर्तमानकाळ?

'कथाकथन' घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. समास सोडवला तर 'कथेचं कथन' एवढाच अर्थ निघतो आणि त्यात खऱ्या गोष्टीलाही जागा आहे. पण शब्दाचा अर्थ वापराने ठरतो. साठ-सत्तरच्या दशकांत व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगावी कथाकथन केलं, पुढे व. पु. काळे यांच्या ध्वनिफिती घरोघरी गेल्या. त्यामुळे लेखकाने लिहिलेली कथा, पात्रांच्या लकबींसह, रंगवून सांगणं हा अर्थ पक्का झाला. शाळांमधल्या कथाकथन स्पर्धांत तर मुलं दुसऱ्याची कथा पाठ करून येतात. फलकावर 'कथाकथन' लिहिलंत, तर पहिल्याच संध्याकाळी निम्मे लोक बोधकथा घेऊन येतील, आणि चूक त्यांची नसेल.

तुमच्या कल्पनेचा नमुना न्यूयॉर्कच्या 'द मॉथ' या उपक्रमासारखा दिसतो. कादंबरीकार जॉर्ज डॉस ग्रीन यांनी तो १९९७ साली सुरू केला. तिथल्या खुल्या स्पर्धेत नावांच्या चिठ्ठ्या टाकतात, त्यांतून दहा जण निवडले जातात आणि प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात, वर एक मिनिटाची सवलत. गोष्ट खरी हवी, स्वतःची हवी आणि कागदाशिवाय सांगितलेली हवी. मराठी नावात यातल्या पहिल्या दोन अटी ऐकू आल्या पाहिजेत. तिसरी खाली बारीक अक्षरात लिहिली तरी चालेल.

'आपबीती' हिंदीतून आला. आप म्हणजे स्वतः, बीती म्हणजे गुदरलेली. दोन्ही अटी त्यात नेमक्या बसतात आणि तो मराठीत रुळलाही आहे. अडचण त्याच्या छटेची आहे. पुरातून वाचलेला माणूस आपबीती सांगतो, फसवणूक झालेली बाई सांगते. पहिल्या नोकरीतली फजिती किंवा आजीने शिकवलेलं पोहणं 'आपबीती'त मावत नाही. हा शब्द घेतलात तर लोकांना वाटेल, सांगण्याजोगं संकट आपल्यावर कधी आलंच नाही, आणि ते गप्प बसतील.

बाकीचे शब्द भराभर पाहू. 'किस्सा' छोटा, गमतीचा, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याचा. 'कहाणी' म्हटलं की आटपाट नगर आणि साठा उत्तरांची पाचा उत्तरी. 'आख्यान' कीर्तनाच्या उत्तररंगातलं. मालवणी 'गजाली' मला फार प्रिय आहेत, पण गजालीत तिखटमीठ लावायची मुभा असते, म्हणून इथे नको. 'आत्मकथन' आता लिखित साहित्यप्रकाराचं नाव झालं आहे, आणि त्यात सगळं आयुष्य येतं. 'हकीकत' मात्र हातातून सोडवत नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थच सत्य, वास्तव. जुन्या पत्रांत 'हकीकत ऐसीजे' म्हणून मजकूर सुरू होतो. पण आज त्याला पोलीस ठाण्याचा वास लागला आहे.

उरतं 'अनुभवकथन', आणि तेच घ्यावं. फक्त एक खड्डा आहे. मराठीत 'अनुभव' दोन तऱ्हांनी चालतो : 'शिकवण्याचा दहा वर्षांचा अनुभव' आणि 'परवा आलेला एक अनुभव'. शिबिरांच्या शेवटी जे अनुभवकथन होतं ते पहिल्या जातीचं असतं : खूप शिकायला मिळालं, आयोजकांचे आभार. त्यात काही घडतच नाही. म्हणून नावाखाली 'प्रसंग' हा शब्द हवाच. प्रसंगाला दिवस असतो, जागा असते, सुरुवात आणि शेवट असतो. फलकाचा मजकूर असा करता येईल : 'अनुभवकथन. स्वतःच्या आयुष्यात घडलेला एक प्रसंग, ५ मिनिटं, कागदाशिवाय.' सावकाश बोलणाऱ्याचे पाच मिनिटांत साधारण पाच-सहाशे शब्द होतात. हा अंदाज लोकांना आधी द्या, नाहीतर प्रस्तावनेतच वेळ संपतो. आणि नाव पुकारताना 'सादर करतील' म्हणू नका, 'सांगतील' म्हणा. 'सादर' म्हटलं की माणूस अभिनय करू लागतो.

आता काळाबद्दल. एकच काळ निवडायची गरज नाही, मराठीत कामं वाटलेली आहेत. नेहमीचं सांगायला '-चो/-चे' : 'सुट्टीत आम्ही गुहागरला जायचो, दुपारी विहिरीवर पोहायचो.' घटना सुरू झाली की साधा भूतकाळ : 'त्या दिवशी रहाट मोडला.' ऐकणारा कान टवकारतो तो या वळणावर, म्हणून ते स्पष्ट हवं. ऐन क्षणाला वर्तमानकाळ : 'मी वाकून बघतो, तर दोर पाण्यात.' हा एका-दोन वाक्यांपुरताच ठेवावा, सगळा प्रसंग वर्तमानात सांगितला तर त्याचा जोर जातो. आणि 'गेलो होतो, पाहिलं होतं, सांगितलं होतं' अशी रांग लागली की गोष्टीचा अहवाल होतो. 'होतं' फक्त त्याआधी घडलेल्यासाठी राखावं.

संवादात इंग्रजी वळण फार शिरलं आहे. 'काका म्हणाले की ते येणार नाहीत' यात 'ते' कोण, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. 'काका म्हणाले, मी येणार नाही' हे मराठी, आणि त्यात काकांचा आवाजही येतो. तसंच 'मी मनात विचार केला की' हे लांबण कशाला? आपल्याकडे 'म्हटलं' आहे : 'म्हटलं, आता काही खरं नाही.' बाई सांगो की पुरुष, रूप तेच.

शेवटचा शब्द 'म्हणे'. खऱ्या गोष्टीत तो अतिशय मोलाचा आहे, आणि मंचावर उभं राहिलं की लोक नेमका तोच गाळतात. 'मी दोन वर्षांचा असताना ओढ्यात पडलो' असं म्हणणारा माणूस जे त्याला आठवणं शक्य नाही त्याची साक्ष देतो. 'पडलो म्हणे' म्हटलं की घरच्यांकडून ऐकलेलं आणि स्वतः पाहिलेलं वेगळं राहतं. तालमीला बसाल तेव्हा सांगणाऱ्याला प्रत्येक वाक्याबद्दल विचारा, हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत. ऐकलं असेल तिथे 'म्हणे' घालायला सांगा.