कॉफी सोडावीच लागेल का?

"मॅडम, मला वेड तर लागत नाहीये ना?" खुर्चीत टेकण्याआधीच तिने विचारलं. 24 वर्षांची, पुण्यात पेठेत कॉटबेसिसवर राहून एमपीएससी करणारी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) छातीत धडधड, हाताला थरथर, रात्री दोन-अडीचपर्यंत डोळा लागत नाही. ईसीजी, थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन मात्र कमी. डॉक्टरांनीच माझ्याकडे पाठवलेलं.

दिवसभरात पोटात काय काय जातं, विचारलं. जेवणाचं सांगताना अडखळली, पण कॉफीचं पटकन आलं, "पाच-सहा मग होतात." पुढच्या वेळी मग आणि चमचा घेऊन ये, म्हटलं. मग स्टीलचा, पाव लिटरचा. त्यात शिगोशीग दोन चमचे पावडर. शेवटचा मग रात्री नऊला, अभ्यासिकेच्या जिन्यात.

कागदावर हिशेब मांडला. सपाट चमचाभर इन्स्टंट पावडरीत साधारण 60 मिलिग्रॅम कॅफीन धरलं, तरी बेरीज 600-700 च्या घरात गेली. निरोगी माणसाला दिवसाला 400 पर्यंत चालतं, गरोदरपणी 200. शिवाय घेतलेलं कॅफीन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात. "म्हणजे नऊची कॉफी दोनलाही अंगात असते?" ती स्वतःच म्हणाली.

"पण सोडली तेव्हा दुसऱ्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली. शरीराला गरज असेल ना?"

हे मी फार मुलांकडून ऐकते आणि दर वेळी जीव तुटतो. ती गरज नव्हे, सवय एकदम तोडल्याचा त्रास. 12 ते 24 तासांत सुरू होतो, कधी आठवडाभर राहतो आणि जातो. म्हणून एकदम तोडायचं नाही. दर तीन-चार दिवसांनी एक चमचा कमी करायचा. दुपारी दोननंतर कॉफी नाही. जेवणासोबतही नाही, कारण अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

नऊच्या मगाला मात्र ती हटून बसली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, दिवसभरात मैत्रिणीशी बोलायची तेवढी दहाच मिनिटं होती. मग जिना राहू दिला, फक्त मगात गरम दूध आलं.

पाचव्या आठवड्यात कॉफी दिवसाला दोन मगांवर आली होती, तीही सपाट चमच्याने. बारापर्यंत झोप लागत होती, थरथर थांबली होती. धडधड अधूनमधून व्हायची, घरून फोन आला की. हा तिचा तिसरा अटेम्प्ट. त्या दिवशी तासभर आम्ही वडिलांबद्दल बोललो.