चित्रपट परततो, पण नियमपुस्तक कोण विकत घेतो?

प्रश्न : आम्ही पुण्यात बोर्डगेम खेळण्याचे एक छोटे केंद्र चालवतो. एखादी जुनी चित्रपटमालिका नव्या कलाकारांसह पडद्यावर आली की तिच्यावर आधारित टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमची (टेबलाभोवती बसून पात्रे साकारत कथा पुढे नेण्याच्या खेळाची) मागणी वाढते, असे माझा भागीदार म्हणतो आणि त्या हिशेबाने त्यांची नियमपुस्तके आधीच मागवून ठेवण्याचा आग्रह धरतो. यात कितपत तथ्य आहे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तथ्य आहे, पण थोडे, आणि तेही आपल्या भागीदाराला वाटते त्या वेळी हाती लागणारे नाही.

या दाव्याची सर्वांत चांगली परीक्षा ‘स्टार ट्रेक’वर होते. जे. जे. अब्राम्स यांनी २००९ मध्ये ही मालिका नव्या काळरेषेत, म्हणजे मूळ कथेहून वेगळ्या घटनाक्रमात, उभी केली. पहिल्याच चित्रपटाने जगभरात सुमारे ३८.५ कोटी डॉलर मिळवले आणि २०१३ व २०१६ मध्ये पुढचे दोन भाग आले. या सगळ्या काळात त्या काळरेषेवरचा एकही अधिकृत रोल-प्लेइंग गेम बाजारात आला नाही. मोडिफियस या ब्रिटिश कंपनीने २०१७ मध्ये गेम आणला, तो मात्र जुन्या दूरचित्रवाणी मालिकांच्या विश्वावर. याचे एक कारण अगदी कोरडे आहे : व्हायाकॉम या माध्यमकंपनीच्या विभाजनानंतर मालिकांचे हक्क सीबीएसकडे आणि चित्रपट काढण्याचा अधिकार पॅरामाउंटकडे अशी वाटणी झालेली होती, आणि मोडिफियसचा परवाना सीबीएसचा होता. पण कागदपत्रे बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. नव्या चित्रपटांनी कर्क आणि स्पॉक या मूळ मालिकेतल्या नायकांचीच गोष्ट पुन्हा सांगितली, तर टेबलाभोवती बसलेल्या चार-पाच जणांना स्वतःचे जहाज, स्वतःचा कप्तान आणि अजून कोणी न पाहिलेला ग्रह हवा असतो. शेकडो भागांच्या जुन्या मालिकांनी ती मोकळी जागा आयती तयार करून ठेवली होती.

‘स्टार वॉर्स’चा इतिहासही हेच सांगतो. वेस्ट एंड गेम्सचा गेम १९८७ मध्ये आला, म्हणजे मूळ त्रयी १९८३ मध्ये संपून चार वर्षे झाल्यावर, जेव्हा नवा चित्रपट दृष्टिपथातही नव्हता. त्या काळात या विश्वाचा तपशील मुख्यतः या गेमच्या पुस्तकांतूनच वाढत होता, इतका की १९९१ च्या ‘स्टार वॉर्स’ कादंबरीसाठी लेखक टिमथी झान यांना संदर्भ म्हणून हीच पुस्तके देण्यात आली. पुढे १९९९ चा बहुप्रतीक्षित चित्रपट तोंडावर आलेला असताना ही कंपनी दिवाळखोरीत सापडली आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या कंपनीचा गेम आला तो २००० मध्ये, म्हणजे लाट ओसरू लागल्यावर. परवाना मिळवणे, मजकूर लिहिणे, हक्कधारकांकडून पानापानाला मंजुरी घेणे आणि मग छपाई, या साखळीला चित्रपटाच्या प्रदर्शनाची तारीख क्वचितच साधते.

उलट बाजूची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. ‘ब्लेड रनर’चा २०१७ चा उत्तरभाग तिकीटबारीवर अपेक्षेइतका चालला नाही, तरी स्वीडनच्या फ्री लीग या कंपनीने २०२२ मध्ये त्या विश्वावर गेम काढला आणि कथानकासाठी दोन चित्रपटांच्या मधले २०३७ हे मोकळे साल निवडले. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या ॲनिमेशन मालिकेवरचा २०१० चा चित्रपट समीक्षकांनी आणि मालिकेच्या चाहत्यांनी नाकारला होता, तरी मॅगपाय गेम्सच्या गेमने २०२१ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ९५ लाख डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली, ती मूळ मालिकेवरच्या प्रेमामुळे, कारण आदल्याच वर्षी ती अमेरिकेत नेटफ्लिक्सवर परतल्यामुळे एक नवी पिढी तिच्याकडे वळली होती. म्हणूनच माझे मत असे आहे की जुन्या कथेचे पुनःप्रसारण हे तिच्या पुनर्निर्मितीपेक्षा या गेमना जास्त खेळाडू मिळवून देते.

दुकानाच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. पाच जणांच्या गटात नियमपुस्तक बहुधा एकच जण, म्हणजे खेळ चालवणारा गेम मास्टर, विकत घेतो. चित्रपट पाहून उत्साहाने आलेले चौघे फार तर फासे घेतील. त्यामुळे मागणी प्रेक्षकसंख्येवर ठरत नाही. आपल्या परिसरात खेळ चालवायला तयार असलेली माणसे किती आहेत, यावर ती ठरते. चित्रपट अशी माणसे घडवत नाही, फार तर आधीपासून असलेल्याला विषय पुरवतो.

तेव्हा चित्रपटाच्या तारखेवर नजर ठेवून जाडजूड पुस्तकांच्या दहा प्रती मागवू नका. सुरुवातीचा संच, ज्यात तयार पात्रे, फासे आणि एका बैठकीत संपणारे साहस असते, त्याच्या दोन प्रती पुरेत. फँटसी फ्लाइट या कंपनीनेही २०१५ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाच्या वेळी असाच संच काढला होता, आणि मुख्य पुस्तके त्याआधी दोन वर्षांपासून येत होती. चित्रपट लागल्यानंतरच्या दोन-तीन रविवारी तो संच आपल्याच केंद्रात कुणाकडून तरी चालवून घ्या. ज्यांना तो चालवताना मजा येईल, त्यांच्यासाठी मोठे पुस्तक मागवा.