वाचकांचे प्रश्न : व्हिकर हा भटजी की वतनदार?

प्रश्न : आपल्या मागील अंकातील अनुवादित रहस्यकथेत इंग्रजी खेड्यातील ‘व्हिकर’साठी ‘भटजी’ असा शब्द योजला आहे. माझ्या माहेरी पंचवटीत पिढीजात भिक्षुकी होती. भटजींच्या घरी दोन मोलकरणी, माळी आणि बारा खोल्यांचे घर कोठून यायचे? शिवाय एका गावात रेक्टर असतो आणि शेजारच्या गावात व्हिकर, यांत फरक काय?
– एक वाचक भगिनी, पंचवटी

उत्तर : आपली हरकत रास्त आहे, शब्द निवडताना आम्हीच चुकलो. इंग्लंडमधील खेड्याच्या धर्मगुरूचे काम काही अंशी भटजींसारखे दिसत असले, तरी त्याचे गावातील स्थान समजून घ्यायचे तर भिक्षुकीकडे न पाहता वतनाकडे पाहावे लागते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारे गाव, क्वचित दोन-तीन वाड्यावस्त्याही. त्या हद्दीत जे पिकेल त्याचा दहावा हिस्सा चर्चच्या धर्मगुरूला द्यावा, असा शतकानुशतके चालत आलेला कायदा होता, आणि चर्चमध्ये कधी पाऊल न टाकणाऱ्या शेतकऱ्यालाही तो चुकत नसे. आपल्याकडे सुतार, लोहार, न्हावी खळ्यावर येऊन बलुते घेऊन जात, तेव्हा त्यामागे त्यांनी वर्षभर केलेले काम असे. हा दशमांश मात्र कामाला नव्हे, जमिनीलाच चिकटलेला होता. म्हणून त्याचे नाते बलुत्यापेक्षा देशमुख-देशपांड्यांच्या हक्कांशी अधिक जवळचे आहे.

ज्याला हा दशमांश पूर्ण मिळे तो रेक्टर. मध्ययुगात अनेक चर्चे मठांच्या ताब्यात गेली. मठ धान्याचा आणि गवताचा मोठा हिस्सा स्वतःकडे ठेवीत आणि गावातील उपासना, बारसी, लग्ने, दफनविधी चालवण्यासाठी एक प्रतिनिधी नेमून लोकर, दूध, अंडी, फळे असा किरकोळ हिस्सा त्याच्या पदरात टाकीत. तो प्रतिनिधी म्हणजे व्हिकर. या शब्दाचे लॅटिन मूळ ‘दुसऱ्याच्या जागी काम करणारा’ असे आहे. आपल्या जुन्या दप्तरांतील ‘मुतालिक’ हा शब्द त्याला नेमका बसतो. पुढे आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बुडवले, तेव्हा मठांकडचा मोठा हिस्सा बहुतेक ठिकाणी जमीनदारांच्या घरात गेला आणि मुतालिक मात्र मुतालिकच राहिला.

वतनाशी साम्य येथेच संपत नाही. धर्मगुरूच्या निर्वाहासाठी चर्चच्या नावे जमीन असे, जशी आपल्याकडे देवस्थान इनामाची असते. त्याची नेमणूक करण्याचा हक्क गावाकडे नसे. तो कोठे बिशपकडे, कोठे ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या एखाद्या कॉलेजकडे आणि पुष्कळ ठिकाणी गावच्या स्क्वायरकडे, म्हणजे मोठ्या जमीनदाराकडे असे. हा हक्क मालमत्तेप्रमाणे विकता आणि विकत घेता येत असे. एकदा नेमणूक झाली की धर्मगुरूला हलवणे फार कठीण जाई. स्क्वायरचा धाकटा मुलगा त्याच गावात रेक्टर झाल्याची उदाहरणे इंग्रजी कथांत वारंवार येतात, आणि ती कथाकाराच्या कल्पनेची नाहीत.

आता मोलकरणी आणि माळ्याबद्दल. १८३६च्या कायद्याने दशमांश धान्यात न घेता पैशांत घ्यायचे ठरले आणि त्याची रक्कम गहू, जव आणि ओट यांच्या मागील सात वर्षांच्या सरासरी भावाशी जोडली गेली. तोवर ज्यांच्या कोठारात गव्हाच्या पेंढ्या येत होत्या, त्यांना ही व्यवस्था सुटसुटीत वाटली असणार. पण १८७०नंतर अमेरिकेतील अफाट गवताळ पट्ट्यांतून स्वस्त गहू बोटीने येऊ लागला, भाव कोसळले आणि १८३६मध्ये १०० पौंड धरलेला दशमांश १९०१मध्ये सुमारे ६६ पौंडांवर आला. म्हणजे ज्या काळातील कथा आपण वाचता, त्या काळात बारा खोल्यांचे घर तेच होते, पण कोळसा परवडत होता दोन-तीन खोल्यांपुरता. कथेत व्हिकरची पत्नी पाहुण्यांना दिवाणखान्याऐवजी नवऱ्याच्या अभ्यासिकेत बसवते, ते आपुलकीने असेल, तसेच शेकोटी तेवढ्या एकाच खोलीत पेटलेली असल्यामुळेही असेल. पुढच्या भागापासून आम्ही ‘व्हिकर’ हा शब्द तसाच ठेवणार आहोत.

प्रश्न : माझी नात शिक्षणासाठी इंग्लंडला असते. तेथील लोक पॅरिशच्या नोंदवह्यांतून आपले पूर्वज शोधतात, असे ती सांगते. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडील वह्यांसारखेच हे आहे काय?
– एक ज्येष्ठ वाचक, सिडको

उत्तर : हेतू वेगळा आहे, उपयोग मात्र सारखा. उपाध्यायांच्या वहीत नोंद होते ती यजमान क्षेत्री आला तर. गावाचे नाव सांगितले की लांबट चोपडी उलगडली जाते, बोट मोडीतील ओळींवरून फिरते आणि खापरपणजोबा कोणत्या निमित्ताने आले होते ते कळते; पण ज्या पिढीला प्रवास घडला नाही, ती पिढी वहीत नसते. पॅरिशची वही याउलट होती. १५३८मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशमधील बाप्तिस्मे, विवाह आणि दफने दर आठवड्याला नोंदवण्याचा हुकूम काढला, आणि त्यामुळे गाव कधीही न सोडलेला शेतमजूरही निदान तीनदा कागदावर आला. १६०३च्या चर्चच्या नियमांनुसार ही वही तीन कुलपांच्या पेटीत ठेवावी लागे. एक किल्ली धर्मगुरूकडे आणि दोन किल्ल्या गावातील दोन चर्च-कारभाऱ्यांकडे. १८३७पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली तरी चर्चची वही थांबली नाही. आपल्या नातीला पूर्वीच्या साहेबांच्या पणतवंडांची गर्दी पाहायची असेल, तर एखाद्या परगण्याच्या अभिलेखागारात जाऊन यावे. जुन्या वह्यांपैकी पुष्कळ आता तेथे असतात.

प्रश्न : मी निफाड तालुक्यात ग्रामसेवक म्हणून नोकरी केली. इंग्लंडमधील ‘पॅरिश कौन्सिल’ म्हणजे आपली ग्रामपंचायत असे समजावे काय? तसे असल्यास तेथे धर्मगुरूच सरपंच असतो काय?
– एक निवृत्त ग्रामसेवक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होय असे आहे, दुसऱ्याचे नाही, आणि हे ‘नाही’ कायद्याने मुद्दाम आणलेले आहे. १८९४पूर्वी गावचा कारभार ‘व्हेस्ट्री’ नावाची सभा पाहत असे. ती बहुधा चर्चमध्येच भरे, धर्मगुरू हक्काने अध्यक्षस्थानी बसे, आणि ज्याची मालमत्ता अधिक त्याला सहापर्यंत मते असत. १८९४च्या कायद्याने चर्चचा कारभार आणि गावचा कारभार वेगळे केले. ३०० किंवा त्याहून अधिक वस्तीच्या गावाला निवडून आलेले कौन्सिल मिळाले, लहान गावांना निदान ग्रामसभा मिळाली, आणि अध्यक्ष निवडण्याचा अधिकार सभासदांकडे गेला. धर्मगुरूला बसायचे असेल तर त्यानेही इतरांसारखी मते मिळवायची.

आपण कारभार जवळून पाहिला आहे, म्हणून त्या कायद्यातील दोन बारीक तरतुदी सांगतो. सभा संध्याकाळी सहाच्या आत सुरू करता येत नसे, कारण त्याआधी भरली तर शेतमजूर कामावर आणि सभा शेतमालकांची, असा प्रकार झाला असता. तसेच गावात दुसरी योग्य जागा उपलब्ध असेल, तर सभा दारूच्या गुत्त्यात घेता येत नसे. दुपारी बाराची ग्रामसभा आणि तिची कोरमअभावी तहकुबी आपल्याला नवी नसेल, तेव्हा पहिल्या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको. स्त्रियांना, विवाहित स्त्रियांनाही, मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क याच कायद्याने मिळाला. पार्लमेंटच्या मतासाठी त्यांना पुढे १९१८पर्यंत थांबावे लागले.

पैसा मात्र तुटपुंजा होता. ग्रामसभेच्या संमतीवाचून कौन्सिलला कर-आकारणीच्या दर पौंडामागे तीन पेनीहून अधिक खर्च करता येत नसे. त्यामुळे पायवाटा, दफनभूमी, एखादा दिवा आणि मजुरांना भाजीपाल्यासाठी भाड्याने द्यायचे जमिनीचे तुकडे, एवढाच त्याचा व्याप राहिला. हे तुकडे क्षुल्लक समजू नयेत. आठवड्याला पंधरा-सोळा शिलिंगांत घर चालवणाऱ्या मजुराच्या चुलीवर बटाटा आणि कोबी तेथूनच येत असे.

प्रश्न : इंग्रजी कथांमध्ये खेडे म्हणजे चहापान, फुलांचे प्रदर्शन आणि क्रिकेट. विसाव्या शतकाच्या आरंभी ते खरोखर असेच शांत होते काय?
– इतिहासाची एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : फुलांची प्रदर्शने होत, क्रिकेटही होत असे, परंतु धर्मगुरू, जमीनदार आणि शाळा यांची एकत्र पकड किती घट्ट होती, हे पाहायचे तर नॉरफोक परगण्यातील बर्स्टन या लहानशा गावात जावे लागेल. मजुराचे घर बहुधा मालकाचे असे, नोकरी सुटली की घरही सुटे. मजुरांची संघटना बांधणारे पुष्कळ कार्यकर्ते म्हणूनच चर्चमध्ये नव्हे, तर मेथडिस्टांच्या, म्हणजे सरकारमान्य चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रॉटेस्टंट पंथाच्या, साध्या प्रार्थनाघरांत बोलायला शिकले. नॉरफोकमध्ये १९०६मध्ये शेतमजुरांची संघटना उभी करणारे जॉर्ज एडवर्ड्स हे अशाच पंथाचे उपदेशक होते आणि मोठेपणी पत्नीकडून वाचायला शिकले होते.

बर्स्टनच्या शाळेत १९११मध्ये टॉम आणि अ‍ॅनी हिग्डन हे शिक्षक दांपत्य आले. दोघेही मजुरांच्या बाजूचे. टॉम तर संघटनेचे काम उघडपणे करीत. १९१३च्या पॅरिश कौन्सिलच्या निवडणुकीत टॉम यांना सर्वाधिक मते पडली आणि रेक्टर पराभूत झाला. वर सांगितलेला १८९४चा कायदा कागदावरून गावात उतरला तो असा. परंतु शाळेच्या व्यवस्थापकांचा अध्यक्ष रेक्टरच होता, आणि तेथे मतपेटी चालत नव्हती. पावसात तीन-तीन मैल चालून आलेल्या मुलांचे कपडे वाळवण्यासाठी अ‍ॅनी यांनी परवानगीशिवाय शेकोटी पेटवली, ही व्यवस्थापकांच्या तक्रारींपैकी एक. पुढे विद्यार्थ्यांना मारल्याचा आरोप आला आणि दोघांना काढून टाकण्यात आले. १ एप्रिल १९१४ रोजी शाळेच्या ७२ मुलांपैकी ६६ मुले संप करून बाहेर पडली आणि फलक घेऊन गावातून फिरली. व्हायलेट पॉटर नावाची तेरा वर्षांची मुलगी त्यांच्या पुढे होती.

पालकांना मुले शाळेत न पाठवल्याबद्दल दंड झाला, तो वर्गणीतून भरला गेला. वर्ग गावच्या मोकळ्या हिरवळीवर भरू लागले, मग एका सुताराच्या रिकाम्या कारखान्यात. चर्चच्या जमिनीचे तुकडे कसणाऱ्या संपकरी कुळांना रेक्टरने जमीन सोडण्याच्या नोटिसा दिल्या. पंचवटीच्या वाचक भगिनींना या अंकात वतनाची गोष्ट सांगितली आहे, तिचे दात येथे दिसतात : ज्याच्या हाती उपासना, त्याच्याच हाती शाळा आणि त्याच्याच हाती कुळाची भाजी पिकणारी जमीन. कुळांनी नोटिसा मानल्या नाहीत.

महायुद्ध सुरू झाले, गावातील तरुण फ्रान्सला गेले, तरी संप मिटला नाही. देशभरच्या कामगार संघटनांनी पैसे पाठवले आणि १९१७मध्ये हिरवळीच्या कडेला संपकरी मुलांची स्वतंत्र शाळा बांधून पूर्ण झाली. ती टॉम हिग्डन यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३९पर्यंत चालली. पंचवीस वर्षांच्या या काळात दशमांशावरूनही गावोगाव खटके उडत होते. कर्ज काढून जमीन घेतलेल्या शेतकऱ्यांनी मंदीत तो भरण्यास नकार दिला, जप्तीच्या लिलावांत शेजाऱ्यांनी बोली लावायचे नाकारले, आणि अखेर १९३६च्या कायद्याने चर्चचा तो हक्क सरकारने आपल्याकडे घेतला. बर्स्टनच्या शाळेची इमारत आज संग्रहालय आहे. तिच्या दर्शनी भिंतीच्या दगडांवर वर्गणी पाठवणाऱ्या संघटनांची नावे कोरलेली आहेत, आपल्या घाटांच्या पायऱ्यांवर देणगीदारांची असतात तशी.