आईला घरी नेण्याआधी

प्रिय,

आईला तिच्या शेवटच्या दिवसांसाठी घरी न्यायचं ठरवलंस. पलंग, हवेची गादी, ऑक्सिजनचं यंत्र ही तुझी यादी ठीकच आहे. पण त्याआधी मला एक सांग: रात्री दोन वाजता तिला धाप लागली, तर काय करायचं हे ठरलंय का? घरी नेलेला रुग्ण शेवटच्या रात्री पुन्हा अतिदक्षता विभागात पोहोचतो, तो अनेकदा हे ठरलेलं नसतं म्हणून. घाबरलेला माणूस अँब्युलन्सच बोलावणार.

म्हणून डॉक्टरांकडून सगळं कागदावर लिहून घे. दुखणं वाढलं, उलट्या सुरू झाल्या, भ्रम होऊन ती ओरडायला लागली, तर कोणतं औषध, किती, पुन्हा किती वेळाने. आणि रात्री फोन कुणाला करायचा. ती औषधं आधीच घरात असू देत. पुढे गिळणं बंद होईल तेव्हा गोळ्यांचा उपयोग नसतो. औषध त्वचेखाली सुईने देता येतं, ते कोण देणार हेही आत्ताच विचारून ठेव.

मॉर्फिनचं, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या औषधाचं, नाव काढलं की नातेवाईक दचकतील. साधं मॉर्फिन सहसा दर चार तासांनी, दुखण्याची वाट न बघता देतात. योग्य मात्रेत ते मरण ओढून आणत नाही, उलट धाप लागल्याची तगमगही कमी करतं. बद्धकोष्ठता मात्र जवळपास हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं.

खाण्यावरून घरात वाद होतील. शेवटाकडे भूक आपोआप जाते, आणि बळजबरीने भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मागेल तेवढंच दे. ओठ आणि तोंड ओल्या बोळ्याने पुसत राहा, त्याने तिला खरा आराम मिळेल. दर दोनेक तासांनी कूस बदल, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे एकट्याने होणारं काम नाही. रात्री वाटून घ्या.

सगळ्यात अवघड काम आजच कर, ती नीट बोलतेय तोवर. तिलाच विचार: व्हेंटिलेटर हवा का? हृदय थांबलं तर छाती दाबून ते पुन्हा चालू करायचा प्रयत्न करायचा का? ती जे म्हणेल ते लिही, डॉक्टरांना दे आणि सगळ्या भावंडांना कळव, लांब राहणाऱ्यांना तर आधी. शेवटच्या दिवशी येऊन 'काहीतरी करा' म्हणणारं कुणीतरी असतंच, आणि त्याचंही आईवर प्रेम असतं.

शेवटच्या दिवसांत घशात घरघर होईल, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होईल, हातपाय गार पडतील. घरघरीचा त्रास तिच्यापेक्षा बहुधा ऐकणाऱ्यालाच जास्त होतो. तिला कुशीवर वळव. तिच्याशी बोलत राहा, प्रतिसाद नसला तरी ऐकू येत असण्याची शक्यता असते. मृत्यूचा दाखला कोण देणार, हे डॉक्टरांना आधीच विचार. प्रश्न कठोर वाटेल, तरी विचार.

आणि 'तुला पुन्हा कुठेही नेणार नाही' असं वचन तिला देऊ नकोस. 'तुला दुखू नये म्हणून लागेल ते करू' एवढंच म्हण. घरी दुखणं आवरेनासं झालं, तर तिला पॅलिएटिव्ह केअरच्या (दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) वॉर्डात किंवा हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या केंद्रात, न्यायची मोकळीक तुझ्याजवळ राहायला हवी.