तोंड बंद केलं म्हणून शिल्प होत नाही

अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिले. नव्या कामात एकाही भांड्याला तोंड ठेवलेलं नाहीस आणि खाली विचारलंयस, 'आता तरी ही कला ना?' माझ्याच्याने लगेच हो म्हणवत नाही.

जपानमधल्या क्योटोच्या यागी काझुओ या मातीकाम करणाऱ्या कलाकाराने हे १९५४ मध्येच केलं. कुंभाराचाच मुलगा तो. १९४८ मध्ये त्याने सोबत्यांना घेऊन 'सोदेइशा' हा गट काढला होता. त्याची ती प्रसिद्ध कृती म्हणजे चाकावर काढलेलं कडं. ते उभं केलंय, अंगभर आखूड नळ्या फुटल्यात आणि त्यांतल्याच काही पायांसारख्या खाली टेकल्यात. पाणी ठेवायची सोयच नाही. लेखक काफ्काच्या कथेत एका सकाळी किडा होऊन उठणाऱ्या झाम्साचं नाव त्याने तिला दिलं. पण चाक सोडलं नाही, हे लक्षात घे. चहाच्या वाडग्यापुढे पिढ्यानपिढ्या मान झुकवणाऱ्या देशात त्याच चाकावरून असं काही उतरलं, म्हणून ते झोंबलं.

तुझ्या कामात नकार नेमका कशाला आहे, ते मला दिसत नाही. आपल्याकडे मडक्याला तसा दरबारी मान कुठे होता? ते पाणी गार करतं, नवरात्रात घट म्हणून बसतं आणि स्मशानात खांद्यावर घेऊन फिरताना त्याला भोकं पाडतात, शेवटी फोडतात. चिनी कलाकार आय वेईवेईने १९९५ मध्ये चीनच्या हान काळातलं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं पात्र हातातून सोडून फोडलं, त्याने अनेकांना धक्का बसला. आपल्या घरात मडकं फुटण्याला आधीपासून अर्थ आहे, आणि तो फार जवळचा आहे. तुझ्या भांड्याला नेमक्या जागी एकच भोक पडलं, तर बघणाऱ्याला काही समजावून सांगावं लागणार नाही. हे करूनच बघ असं नाही. घरात हे पडून असताना क्योटोपर्यंत कशाला जायचं, एवढंच.

त्याच वेईवेईने २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात पोर्सिलेनच्या, म्हणजे चिनी मातीच्या, सुमारे दहा कोटी सूर्यफूल-बिया पसरल्या. चीनमधल्या जिंगदेझेन गावच्या सोळाशेच्या आसपास कारागिरांनी त्या हाताने रंगवल्या होत्या. आधी लोकांना वरून चालू दिलं, मग धुळीच्या भीतीने बंद केलं. तुझ्या फोटोत मागे कोरडा झाडू दिसतोय. तो काढ. फरशी ओल्या फडक्याने पूस, सुकी माती घासताना मास्क लाव.

पुढच्या वेळी भट्टीत काय फुटलं, त्याचेही फोटो पाठव.