मांजरासारखं रडणं

ताई, बाळाचं रडणं बारीक, उंच पट्टीतलं, अगदी मांजराच्या पिल्लासारखं वाटतंय ना? मग ते आधी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. दवाखान्यात नेमकं बाळ शांत झोपतं! पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गळाल्यावर स्वरयंत्राची घडण वेगळी होते, त्यातून हा आवाज येतो; या आजाराला क्रि-दु-शा सिंड्रोम म्हणतात. १९६३ साली फ्रेंच डॉक्टर लेजून यांनी हा आजार प्रथम नोंदवला. पुढे आवाज बदलतो, त्यामुळे थांबू नका. नुसत्या आवाजावरून मात्र काही ठरत नाही. जन्मवजन कमी, डोकं लहान, अंग सैल, दूध ओढताना दमणं, डोळ्यांत जास्त अंतर हेही सांगा. कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करून घ्या. गळालेला तुकडा फारच लहान असेल तर त्याहून बारकाईची तपासणी, म्हणजे मायक्रोअ‍ॅरे लागते. आणि गरोदरपणात काय चुकलं, हे शोधत बसू नका. मी वर्षभर तेच केलं.